मेरीबायचे बेचाळीस नातेवाईक

पनवेल, ता. ५ मार्च १९६३

श्री. रा. रा. दाजीसाहेब यांस, मोरेश्वराचे अनेक नमस्कार.

आपली व सौ. शांतीची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आपल्या गुडघ्याचं कसं काय? मागे पाठवलेलं निर्गुडीचं तेल लावलंत का, की आमच्या बहिणीने ते समईत घालून संपवलं? (तिचा भरवसा नाही. लहानपणी तिने वडिलांच्या दम्याच्या काढ्याने तुळस शिंपली होती. तुळस वाढली, दमाही वाढला.) सातारची हवा कोरडी, त्यामुळे गुडघ्याला बरी असं आमचे डॉक्टर म्हणतात, पण ते कोणत्याही हवेबद्दल तसंच म्हणतात. चौदा महिन्यांत माझं पत्र नाही म्हणून आपण रागावला असाल. राग साहजिक आहे, जावयाचा तो हक्कच आहे. पण दाजीसाहेब, मी गेले चौदा महिने आयर्लंडमध्ये होतो! म्हणजे देहाने पनवेलच्या ओटीवरच, पण बाकी सगळा तिकडे. आमची ही म्हणते की झोपेत मी पाद्र्यांची नावं घेतो.

आपल्याला मेरीबाय आठवते ना? न आठवायला काय झालं, आपल्या थोरल्याला या जगात तिनेच आणलं. निळ्या डोळ्यांची, लुगड्याचा कासोटा घालणारी, तोंड उघडलं की थेट उलव्याच्या मिठागरावरची भाषा. तिचं दप्तरी नाव मेरी हॅनरहॅन. बाप मायकेल जोसेफ हॅनरहॅन, मिठागरांवर देखरेख करणारा सरकारी इन्स्पेक्टर, राहणार आयर्लंड. आई बाळंतपणातच गेली. मग मिठागरावरच्या गुणाबाई नावाच्या आगरी बाईने आपल्या पोराबरोबर हिलाही दूध पाजलं. पोर पाच वर्षांची असताना पटकीने बापही गेला. नवव्या वर्षी मुंबईच्या कॉन्व्हेंटातल्या जोगिणींनी (नन्सनी) तिला नेलं, शिकवलं, नर्स केलं. ही बया पंचविसाव्या वर्षी त्या दूधआईला शोधत परत आली, तोवर गुणाबाईही गेलेली होती. तेव्हापासून मेरीबाय पनवेलात आहे. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं, माझी चारही त्यातच. मला ती 'मोरूभाव' म्हणते आणि चारचौघांत दटावतेही.

तर मागल्या वर्षी जानेवारीत बाजारपेठेतले एक म्हातारे गेले. त्यांच्या दारात पन्नासभर नातेवाईक रडत होते (त्यातले चाळीस वाटणीसाठी, पण रडत होते हे खरं). तिथून मेरीबाय तडक माझ्या ओटीवर आली. पदराखालून बापाचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि म्हणाली, "मोरूभाव, मी मेल्ये त माज्यासाठी रडाला रगताचा कोन हाय? तू जल्ममरनाचा कारकून व्हतास ना? मंग शोद." हुकूमच! सत्तरी गाठलेली बाई, हजारो पोरांच्या नाळा कापल्या, आणि तिची स्वतःची नाळ कुठे जोडलेली ते तिला ठाऊक नाही. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, मेरीबाय, चौतीस वर्षं जन्म-मृत्यूचं दप्तर सांभाळलंय. तुझा एक तरी जिवंत नातेवाईक काढून दिला नाही, तर नावाचा बापट नाही.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर बापाचं पूर्ण नाव आणि खाली 'किलमोर, आयर्लंड' एवढंच. मी लगेच डब्लिनच्या मोठ्या दप्तरखान्याला सविनय अर्ज ठोकला. दाजीसाहेब, आलेलं उत्तर मी दोनदा वाचलं. १९२२ साली तिकडे आपसात यादवी झाली, तीत तो दप्तरखाना जळून खाक! शेकडो वर्षांचे कागद! त्याआधीच्या चार शिरगणत्या तर सरकारनेच नष्ट केलेल्या, एक-दोन तर रद्दी म्हणून. (रद्दी! जित्याजागत्या माणसांची मोजदाद!) आता उरल्या फक्त १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या, १८६४ पासूनच्या जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी, आणि त्याआधीचं हवं तर गावोगावच्या देवळांत, म्हणजे पॅरिशात, पाद्र्यांनी ठेवलेली बाप्तिस्म्याची चोपडी. मी रागाने त्यांना साडेतीन पानी पत्र लिहिलं, की आम्ही पनवेलकर वाळवी, दमट हवा आणि उंदीर यांच्याशी लढून दप्तर राखतो, माझ्या कारकिर्दीत एक चिठोरा हरवला नाही, आणि तुम्ही! त्यांनी नम्रपणे आभार मानले. (हे पत्र लिहायला नको होतं. कारण पुढे कळेल.)

किलमोर म्हणजे काय असेल असं आपल्याला वाटतं? मला वाटलं एक गाव. अहो, आपल्याकडे जशी वडगावं, तशी तिकडे किलमोरं! जिल्ह्याजिल्ह्यात एकेक, काही जिल्ह्यांत दोनदोन. मी सगळ्या पाद्र्यांना पत्रं पाठवली. आमचा पोस्टमन हवाई पाकिटं देताना मला सलाम करू लागला. आणि चौथ्याच महिन्यात, दाजीसाहेब, सापडला! एका किलमोरच्या फादरने कळवलं, की आपण विचारता त्याप्रमाणे जोसेफ हॅनरहॅनचा मुलगा मायकेल आमच्या चोपडीत आहे. त्या मायकेलला अकरा मुलं, आणि नातवंडं-पतवंडं धरून हयात माणसं बेचाळीस! मी धोतर सावरत बेचाळीस नावांची वंशावळ घेऊन मेरीबायच्या दारात धावलो. तिला वाचता येतं, पण तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग गूळखोबरं वाटलं. ओवे गावापासून आपटे गावापर्यंत बातमी गेली की मेरीबायला बेचाळीस भाऊबंद मिळाले. जनी कोळीण तर टोपली खाली ठेवून म्हणाली, "येवढी मानसं आली त रांधाला कोन?" त्यावर मेरीबायने नव्या चटयाही सांगून ठेवल्या.

पुढच्याच डाकेने फादरचं दुसरं पत्र. त्यांचा तो मायकेल १९१९ साली त्यांच्याच स्मशानात पुरलेला, त्याने जन्मात समुद्र ओलांडला नाही, शेजारच्या जिल्ह्यातसुद्धा तो एकदाच गेला होता, तेही गाय शोधायला. आणि शेवटी विचारलं होतं, की आमच्या माणसाच्या बापाचं नाव जोसेफ, हे आम्हाला कुणी सांगितलं?

कुणी सांगितलं म्हणजे? मायकेल जोसेफ हॅनरहॅन! मधलं नाव बापाचं! मोरेश्वर चिंतामण बापट, बाप चिंतामण. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण दाजीसाहेब, तिकडे कळत नाही. तिकडे मधलं नाव कुण्या संताचं, नुसतं शोभेला आणि आशीर्वादाला. बापाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही! मग त्याला बापाचं नाव कोण विचारतं, कुठे लिहितात, शाळेत हजेरी कशी घेतात, मला काही उमगेना. मी चार महिने अख्ख्या आयर्लंडमधले जोसेफ उकरत बसलो होतो. (त्यातच एका चोपडीत 'मेरी ॲन हॅनरहॅन' सापडली होती. ॲन हा कसला नवरा, यावर मी आठवडाभर डोकं फोडलं.) उलट तिकडच्या फादरनेही माझ्या सहीवरून चिंतामण हे संत समजून त्यांचा उत्सव कोणत्या तारखेला येतो ते विचारलं. आमच्या तीर्थरूपांना संत म्हणणारा जगाच्या पाठीवर हा एकच मनुष्य. मातोश्री असत्या तर दोन दिवस हसल्या असत्या.

पण मेरीबायला सांगायचं कुणी? मीच गेलो. तिने ऐकून घेतलं, वंशावळीची घडी घातली आणि म्हणाली, "जाऊं दे भाव. बेचालीस येका दमान जल्मले, येका दमान मेले. येवढा बालंतपन मी बी कदी केला नाय." आणि हसली. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. तिने चटया परत केल्या, ते मी बघितलं होतं.

मग मी हट्टालाच पेटलो. उरलेल्या किलमोरांना नवी पत्रं. बाप कुणीही असो, मायकेल जोसेफ हवा, आणि तो हिंदुस्थानात गेलेला हवा. गेल्या ऑगस्टमध्ये, नागपंचमीच्या दिवशी, क्लेअर जिल्ह्यातल्या एका चिमुकल्या किलमोरहून पत्र आलं. १८५९ चा बाप्तिस्मा. मायकेल जोसेफ, बाप थॅडी हॅनरहॅन, आई ब्रिजेट, तिचं माहेरचं आडनावसुद्धा लिहिलेलं! (हे मात्र शिकण्यासारखं आहे. आपण लग्नात बायकोचं आडनावच काय, नावसुद्धा पुसून टाकतो. आमच्या आजीचं माहेरचं नाव आज कुणाला माहीत आहे?) आणि त्या नोंदीच्या शेजारी, समासात, दुसऱ्या शाईत कुणा जुन्या पाद्र्याने लिहून ठेवलेलं: 'मृत्यू पनवेल, मुंबई इलाखा, १८९६.' पनवेल! आयर्लंडच्या देवळात, मेंढ्यांच्या डोंगरात, पनवेल! मी ओटीवर उभा राहून मोठ्याने ओरडलो. ही आतून पळत आली, तिला वाटलं साप निघाला, नागपंचमीच होती.

पुढचं काम शिरगणतीचं. दाजीसाहेब, शिरगणतीचा कागद ही काय देखणी चीज आहे! घरातलं माणूस न् माणूस, धर्म, वय, धंदा, लिहितावाचता येतं का, आयरिश बोलतो का. आणि शेवटचा रकाना: मुका, बहिरा, आंधळा, वेडा किंवा मूर्ख असल्यास तसं लिहावं! असा रकाना आमच्या आळीत फिरवला असता तर मला पुरवणी कागद मागवावे लागले असते. १९०१ मध्ये आजी ब्रिजेट, विधवा, वय साठ. मुलगा थॉमस, म्हणजे मेरीबायचा चुलता. त्याची मुलगी नोरा, वय चार. १९११ चा कागद बघावा तर तीच ब्रिजेट, वय सत्त्याहत्तर! दहा वर्षांत म्हातारी सतरा वर्षांनी वाढली! मी चक्रावलो. फादरने खुलासा केला, की मधे सत्तरीपुढच्यांना सरकारने पेन्शन लावलं आणि सगळा देश एका रात्रीत म्हातारा झाला. हे वाचून मला त्या लोकांबद्दल इतकं प्रेम वाटलं म्हणून सांगू! आपल्याकडे नोकरीसाठी वय चोरतात, तिकडे पेन्शनसाठी वाढवतात. माणसं आपलीच, फक्त उलट्या दिशेने जाणारी.

आणि नोरा जिवंत आहे! सहासष्ट वर्षांची, शाळामास्तरीण होती, लग्न केलं नाही, डोळ्यांत मोतीबिंदू. सख्खी चुलत बहीण! तिचं पत्र मी मेरीबायला वाचून दाखवलं. आजी ब्रिजेट मरेपर्यंत दर नाताळला खिडकीत एक जास्तीची मेणबत्ती लावायची, 'हिंदुस्थानातल्या मेरीची' म्हणून. बाप मेल्यावर पोर कुठे गेली ते त्यांना कुणी कळवलंच नाही. आजीनंतर ती मेणबत्ती थॉमस लावायचा, आता नोरा लावते. पत्राबरोबर एक फोटो, मायकेलने पनवेलहून धाडलेला. तान्ही मेरी, आणि तिला धरणारा एका बाईचा हात, कोपरापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला. बाईचं तोंड फोटोवाल्याने घेतलंच नाही. नोरा विचारते, हा हात कुणाचा? मेरीबायने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. स्वतःकडे तिने बघितलंच नाही, नुसत्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माजी गुनाय." बास, एवढंच.

तर आता नोराने तिकीट पाठवलंय, बोट मेअखेर बॅलार्ड पिअरहून सुटते. नोराला मोतीबिंदू पूर्ण वाढायच्या आत बहिणीचं तोंड बघायचंय. सगळं झालं, फक्त पासपोर्ट! आणि पासपोर्टाचा साहेब म्हणतो, जन्माचा दाखला आणा. (बाप्तिस्मा मिठागराच्या बंगल्यात एका फिरत्या पाद्र्याने केला, त्याचं दप्तर मुंबईतल्या तीन देवळांत मिळालं नाही.) मी हसलो. म्हटलं साहेब, पनवेलचा जन्मदाखला ना? तिथे मीच होतो. माझ्या जुन्या कचेरीत गेलो, कपाट उघडलं. १८९० चं रजिस्टर आहे, १८९२ चं आहे. मध्ये दोन बोटं नव्हे, चांगली पाच बोटं रिकामी फट. १८९१ नाही! मेरीबायचंच साल! नवा कारकून शेजारी उभा होता. मी वाळवीवर पुष्कळ बोललो. असो. ईश्वरेच्छा बलीयसी.

सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद. आपल्या गुडघ्याला फार चालवू नका.

आपला,
मोरेश्वर चिंतामण बापट (चिंतामण हे माझे वडील, संत नव्हेत.)

ता. क. आपल्याला कैऱ्या कधी पाठवू? यंदा मोहर बरा आहे.

ता. क. दुसरा. सहज आठवलं म्हणून विचारतो. आपल्या लग्नातलं रुखवत आठवतं का? १९३७ साल. साखरेचा रायगड केला होता, आपल्या मावशींनी नावाजलेला. तो चौरंगावर बुटका दिसत होता, म्हणून त्याच्याखाली लाल खणात गुंडाळलेली एक बैठक होती. आपल्याकडची मंडळी रुखवत उचलताना बैठकीसकट घेऊन गेली. ती बैठक आता आपल्या दिवाणखान्यात रेडिओखाली असते, त्याच खणात.

ता. क. तिसरा. वाळवी नव्हती. वाळवीने काही केलेलं नाही. कचेरीतली रजिस्टरं ऊन दाखवायला मी घरी आणली होती आणि रायगड बुटका दिसत होता. १८९१ चं सर्वांत जाड होतं. सकाळी उठून बघतो तो वऱ्हाड गेलेलं, रुखवत गेलेलं. मुलीबरोबर गेलेल्या रुखवताकडे माहेरच्यांनी वळूनसुद्धा बघायचं नाही, असं मातोश्रींनी बजावलेलं, आणि नव्या जावयाला पहिलं पत्र लिहायचं ते काय 'सरकारी दप्तर परत करा' म्हणून? आज लिहीन, उद्या लिहीन करता सव्वीस वर्षं झाली. दर भाऊबीजेला (गेल्या खेपेस येणं झालं नाही, ती सोडा) आपल्याकडे बसून बातम्या ऐकतो ना, तेव्हा माझं बातम्यांत लक्ष नसतं. डब्लिनच्या लोकांची मी मनापासून क्षमा मागितली आहे, त्यांनी निदान लढाईत जाळलं.

ता. क. चौथा, आणि खरा. हे सगळं मी परवा मेरीबायपाशी ओकलो. तर ती म्हणते, मला तेव्हापासून ठाऊक आहे! साखरेचा बुरूज तिनेच तर बसवला होता. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस बाई? तुझी बोट जाईल ना! म्हणाली, "रुकवतातला मागं मागाचा नस्तं भाव. पोरीला बादतं. शांतीला म्या लहानाचा मोटा होताना बगितलाय. नोराला कलव, नाय जमत म्हनून." आणि उठून चालायला लागली. दाजीसाहेब, ज्यासाठी चौदा महिने आम्ही जिवाचं रान केलं ते शांतीच्या संसाराला दृष्ट लागू नये म्हणून तिने एका वाक्यात सोडून दिलं. तेव्हा मला एक आठवलं. ऊन दाखवताना मी ते रजिस्टर चाळलं होतं. मोडीत सगळी आगरी-कोळ्यांची नावं, आणि मधेच हे साहेबाचं, म्हणून लक्षात राहिलं. खबर द्यायला बाप आलाच नव्हता, बायको गेल्याच्या दुःखात पडून होता. खबर देणार म्हणून खाली लिहिलंय 'गुणाबाई, मौजे उलवे', आणि तिला सही येत नव्हती म्हणून बायका काढायच्या तशी निशाणी काढलेली आहे, बांगडी. तिच्या हाताने. हे मी पाठमोऱ्या मेरीबायला सांगितलं. ती थांबली, परत आली, ओटीवर बसली आणि लहान पोरासारखी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "नोरा रायली बाजूला. माज्या गुनायचा हात तेच्यान हाय. मना ती चोपडी पायजे."

तेव्हा येत्या गुरुवारी एस. टी.ने ती आपल्याकडे येते आहे. रिकाम्या हाताने मागायचं नाही म्हणून नवं रुखवत घेऊन येईल: साखरेचा रायगड तिनेच केलाय, आणि खाली लाल खणात शिसवी पाट. उंची मोजून तेवढीच ठेवली आहे, रेडिओ कलणार नाही. म्हणजे हे मागणं नव्हे, अदलाबदल झाली. शांतीला नीट समजावा. आणि एक विनंती, ते पुस्तक आपण आधी उघडू नका. तिलाच उघडू द्या. पान एकशे बारा. तिला मोडी येत नाही, पण अडणार नाही. बांगडी पानाच्या अगदी तळाशी आहे.